शाल नग एक, भोक एक

आमच्या कारंज्यात कोणाला पदावरून काढायचं असेल तर त्याला 'तू जा' असं तोंडावर म्हणत नाहीत. त्याचा सत्कार करतात. शाल, नारळ, दोन शब्द, फोटो आणि चिवडा. माणूस घरी जातो, नारळ फोडतो, खोबरं खातो आणि मग हळूहळू त्याच्या लक्षात येतं की उद्यापासून आपल्याला कोणी बोलावणार नाही.

नवजवान फुटबॉल क्लबनं दोन वर्षांत सहा मॅनेजर असे सन्मानानं घालवले. क्लबकडे शाल एकच, मरून रंगाची, सोनेरी काठाची. मॅनेजर नेमला की तीच त्याच्या खांद्यावर, आणि पोरांशी बिनसलं की पुन्हा तीच. फोटो झाला की क्लबचे अध्यक्ष जानराव ती अलगद काढून घेत आणि आपल्या कृषी केंद्राच्या गोदामात नेऊन ठेवत. त्यामुळे तिला फवारणीच्या औषधाचा वास येई. तिसऱ्या मॅनेजरच्या निरोपाला कोणीतरी उत्साहानं उदबत्ती फार जवळ आणली होती, त्याचं हरभऱ्याएवढं भोक एका कोपऱ्याला कायमचं राहिलं.

सातवा मॅनेजर मी.

मी काळबांडे, पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. सगळे काळबांडे बाबू म्हणतात. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की ऑफिस सुटल्यावर मी मुनाफभाईंच्या हॉटेलात चहाला बसतो आणि तिथे दुसरा विषय निघत नाही. लोक म्हणतील, वाशिम जिल्ह्यात आणि फुटबॉल? त्यांनी एकदा मुनाफभाईंच्या हॉटेलात यावं. फक्त मधल्या टेबलावर बसू नये, कारण ते दोन पक्षांच्या मधोमध येतं.

एक पक्ष मॅनेजरचा. त्याचे पुढारी गोविंदसिंग, एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर.

"गाडी एकच जन चालवते," ते बशीवर बोट आपटून सांगत. "पंचेचाळीस पाशिंजरांनी स्टेरिंग धरलं तं गाडी नाल्यात जाईन का नाई? हे पोट्टे डोक्यावर बसून राह्यले! आज हा मॅनेजर नको, उद्या तो नको. अरे, एखाद्याले सीटवर बसू तं द्या!"

दुसरा पक्ष खेळाडूंचा. तो खुद्द मुनाफभाई चालवत, चहा गाळता गाळता. "गोविंदसिंग, गाडी फसली तं उतरून धक्का कोन मारते? पाशिंजरच ना? मंग त्याले इचारा ना भाई, कुठं जाचं हाय ते!"

दोघांचंही खरं होतं, ही त्यातली अडचण. पाचव्या मॅनेजरनं पवन नावाच्या आमच्या हाफबॅकला फक्त 'पास दे' म्हटलं होतं. पवनच्या पायात चेंडू आला की तो कोणाला देत नसे, लहान मूल खेळणं देत नाही तसं. तो दुखावला. तो दुखावला म्हणून कॅप्टन वसीम दुखावला, वसीम दुखावला म्हणून बाकीचे नऊ. अकराव्या दिवशी सत्कार. चिवडा मात्र त्या वेळी चांगला होता.

गेल्या वर्षी तर कळस झाला. वाशिमला सव्वीस जानेवारीच्या कपला आमच्या क्लबकडून तीन माणसं 'मॅनेजर' लिहिलेले बिल्ले लावून हजर झाली. एक चालू, एक माजी आणि एक नुकताच सत्कार होऊनही न समजलेला. तिघं एकाच बाकावर बसून तीन वेगवेगळ्या टीम जाहीर करत होते. सामना तासभर उशिरा सुरू झाला. स्पर्धेचे सचिव किसनसिंग, राहणार वाशिमजवळचं मालेगाव, मोठ्या मिशांचे आणि अत्यंत शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी यंदा खास आमच्यासाठी नियम काढला : ज्या क्लबचा मॅनेजर स्पर्धेआधी सलग नव्वद दिवस एकच नसेल, त्याचा प्रवेश रद्द.

वर हे किसनसिंग आमच्या क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. कधीतरी बऱ्या दिवसांत त्यांना घेतलं होतं, आता काढायची कोणाची छाती नव्हती. म्हणजे इथे शाल पडली की मिनिटभरात तिकडे मालेगावला फोटो.

दिवाळीचा फराळ अजून डब्यांत होता तेव्हाची गोष्ट. हॉटेलात वाद तापलेला. सहाव्या मॅनेजरचा सत्कार नुकताच झालेला आणि स्पर्धेला त्र्याण्णव दिवस उरलेले. मी इतकी वर्षं मधल्या टेबलावर गप्प बसून काढली होती, पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, मॅनेजरला लेखी आदेश द्या. मुदत द्या. अटी-शर्ती लिहा. कागदावर नसलेली गोष्ट टिकतच नाही."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, काहीतरी चुकलं.

"बाबू," जानराव म्हणाले, "तुमीच काहून नाई होत?"

"मला फुटबॉलमधलं काही कळत नाही हो."

"त्या सहा जनाले कळत होतं. काय उजेड पडला?"

नव्वद दिवसांची अट पुरी करायला त्यांना टिकणारा माणूस हवा होता, आणि मी एकाच टेबलावर एकोणतीस वर्षं टिकलो होतो. पात्रता निर्विवाद होती.

घरी सांगितलं तेव्हा ज्योत्स्ना, म्हणजे आमची मंडळी, करंजी तळत होती. तिनं झारा तसाच धरून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अवो, तुमाले कूलरमधी पानी भरलं तं दम लागते. तुमी फुटबॉल खेळसान?"

"खेळायचं नाही. खेळवायचं."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "ते तं ऑफिसात बी करताच." तिला नेमकं काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

चोवीस ऑक्टोबरला माझा सत्कार झाला, नेमणुकीचा. आदेश मीच टाइप केला होता. अकरा अटी होत्या. सातवी अट : 'सदर व्यवस्थापकाचा पुढील नव्वद दिवसांत कोणत्याही कारणास्तव सत्कार करण्यात येऊ नये.' जानरावांनी न वाचता सही केली.

शाल खांद्यावर पडली आणि मला जरा कसंसंच झालं, ते इथे सांगून टाकतो. एकोणतीस वर्षांत ऑफिसात किमान दोनशे सत्कार झाले. प्रत्येक वेळी तबक धरून उभा मी. शाल उलगडून साहेबांच्या हातात देणारा मी. फोटोत माझा फक्त कोपर येतो. ही शाल वासाची आणि भोकाची असली तरी माझ्या खांद्यावर पडलेली पहिली शाल होती. म्हणून फोटो झाल्यावर जानरावांनी सवयीनं हात पुढे केला, तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या. मुदत संपेपर्यंत माझ्या ताब्यात राहील. मी पावती देतो." आणि तिथल्या तिथे लिहून दिली : 'मरून शाल, नग एक, भोक एक.'

घरी येऊन ज्योत्स्नाला म्हटलं, "ही नीट ठेव." तिनं नीट ठेवली. कुठे ठेवली ते नंतर येईलच.

कामाला लागलो. पहिली अडचण मैदानाची. नगरपरिषदेच्या मैदानावर सोयाबीन वाळत घातलेलं. अर्ज घेऊन गेलो तर तिथला बाबू म्हणाला, मैदान आमचं, पण सोयाबीन आमचं नाही. सोयाबीनवाले म्हणाले, सोयाबीन आमचं, पण ताडपत्री बाजार समितीतल्या एकाची. ताडपत्रीवाला लग्नाला गेलेला. नऊ दिवस आमची टीम एका गोलपोस्टपासून निम्म्या मैदानापर्यंतच खेळली. पुढे त्याचा असा परिणाम झाला की आमची पोरं मैदानाच्या मध्यरेषेपर्यंत वाघ आणि तिथून पुढे एकदम संकोची.

दुसरी गोष्ट शिस्तीची. फुटबॉल मला येत नव्हता, पण हजेरीपट येत होता. सकाळी सहाला मी मैदानावर खुर्ची टाकून बसे. सहा वाजून दहा मिनिटांनंतर येईल त्याला लेट मार्क. तीन लेट मार्कांना अर्ध्या दिवसाची रजा कापायची, हा आमच्या खात्याचा नियम मी जसाच्या तसा लावला : तीन लेट मार्क, अर्धा सामना बाहेर. शेजारच्या गोमतीबाईंनी सांगितलं की गळ्यात शिट्टी असली म्हणजे पोरं वचकून असतात. शिट्टी घेतली. ती वाजवली की मैदानातली कुत्री धावत येत आणि पोरं जागची हलत नसत.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी अनसिंग गावच्या टीमशी मैत्रीचा सामना. हजेरीपट उघडला तर वसीमचे तीन लेट मार्क पूर्ण. वसीम आमचा कॅप्टन, सेंटर फॉरवर्ड आणि एकटाच असा, ज्याच्या पायाला गोल कुठे आहे ते ठाऊक. बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मी नियमाप्रमाणे त्याला बाहेर बसवलं. हाफ टाइमला आम्ही चार गोलांनी मागे. मैत्री अनसिंगकडून फारच झाली.

"जा आता," मी वसीमला म्हटलं. "तुझी अर्धी रजा संपली."

त्यानं बुटाची नाडी बांधता बांधता सोडली. "नाई बाबू. आता मी पूर्णच घेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या ठोक्याला सगळे हजर. एकही लेट मार्क नाही. आले, मैदानाच्या मध्यभागी मांडी घालून बसले आणि साडेसातला उठून गेले. मी शिट्टी वाजवली. कुत्री आली.

संध्याकाळी हॉटेलात पोरांचा निरोप पोचला होता : एक तर बाबू राहतील, नाही तर आम्ही. गोविंदसिंग टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "ऐकू नका! पोट्ट्यायचं ऐकलं तं आठवा येईन, नववा येईन!" मुनाफभाई म्हणाले, "गोविंदसिंग, खुर्ची टाकून बसलेल्या मानसानं आपल्या जिंदगीत एक गोल मारला का?" हा बाण मला लागला, पण मी बिस्कीट बुडवत राहिलो. बिस्कीट तुटून चहात पडलं.

जानराव मला बाजूला घेऊन गेले. त्यांचा चेहरा खरोखर दुःखी होता. "बाबू, मले काही सुधरत नाई. तुमाले काढलं तं नियमानं प्रवेश गेला. नाई काढलं तं टीमच नाई. दोन्हीकून मरन. पोट्टे तरी गावचे हायत. यंदा जाऊ द्या, पुढच्या सालाचं पाहू. रईवारी अकरा वाजता करून टाकू."

"काय करून टाकू?"

"कौतुक सोहळा," ते मान खाली घालून म्हणाले. "तुमच्या सातव्या अटीत सत्कार नाई म्हनलं. कौतुकाचं काही लिहेल नाई."

मी एकोणतीस वर्षं कागद केले. त्यात ही पळवाट राहिली, याचंच मला जास्त वाईट वाटलं. नाही, खोटं कशाला बोलू? वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. माझा म्हणून पहिला सत्कार झाला होता, आणि सहा आठवड्यांत तो परत घ्यायला निघाले होते.

"शाल तेवढी धाडून द्या," जानराव म्हणाले.

घरी आलो, कपाट उघडलं. शाल नाही.

"कोनती, ते मरून? ते तं देल्ली," ज्योत्स्ना म्हणाली.

"दिली? कोणाला?"

"मालेगावच्या लग्नात. ऐनवेळी एक मानाचे पाव्हने निंगाले, त्यायले काय द्यावं? तुमीच तं कपाटात ठेवाले लावली. अवो, आहेराच्या थप्पीतच ठेवली होती मी." प्रत्येक घरात अशी एक थप्पी असते. आलेले टॉवेल-टोप्या, ब्लाउजपीस, शाली. एका लग्नातून येतात, दुसऱ्या लग्नात जातात, घडी कोणी मोडत नाही.

"अगं, तिला भोक होतं!"

"भोक आतल्या घडीत गेलं का कोनाले दिसते?"

"पाहुणे कोण होते?"

"नाव नाई ध्यानात. पन मोठ्या मिशा होत्या. वाशिमले ते कप का काय भरवतेत म्हने. लय खूश झाले."

मी खुर्चीत बसलो. ज्योत्स्नानं पाणी आणून दिलं. पाणी पिता पिता मला हसू येऊ लागलं. तिला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

रविवारी अकरा वाजता हॉटेलात चिवडा तयार, नारळ तयार, सत्कारमूर्ती तयार, फक्त शाल किसनसिंगांकडे. मी खरं काय ते सांगितलं.

"मंग शालीबिगर करू," मागून कोणीतरी म्हणालं.

मुनाफभाई झारा टाकून बाहेर आले. माझ्याविरुद्धच्या पक्षाचे पुढारी, पण डोळे लाल झाले होते. "बिना शालीचं? अरे, मानसाची काही इज्जत हाय का नाई? बाबूले काढाचं हाय, ते बरोबर हाय. पन असं उघडं काढाचं?"

"नवी आनू."

"क्लबची शाल ते क्लबची शाल," गोविंदसिंग म्हणाले. "सहाही जनाले तीच घातली. याह्यलेच दुसरी काहून? याह्यनं काय पाप केलं?"

"मंग किसनसिंगले मांगून आनू."

"काय सांगून मांगसान?" जानरावांनी कपाळाला हात लावला. "आमचा मॅनेजर काढाचा हाय, शाल द्या, म्हनून? त्यायनंच तं नियम केला! आनं आहेर देल्लेला परत मांगते का कोनी?"

असा मी वाचलो. माझ्या कर्तबगारीनं नाही, अटी-शर्तींनी नाही, तर गावच्या सभ्यतेनं. त्या दिवसापासून हॉटेलात मॅनेजर मोठा की खेळाडू हा वाद मागे पडला आणि शाल कशी आणावी हा सुरू झाला. त्यासाठी एक उपसमितीही नेमली गेली. उपसमिती नेमली म्हणजे गोष्ट जानेवारीच्या पुढे गेली, हे मी अनुभवानं ओळखलं.

पण पद राहिलं म्हणून काय, टीम मैदानात बसूनच होती. रोज सकाळी मी खुर्चीत आणि ते मांडी घालून, मधे थंडी. किती दिवस? शेवटी एका संध्याकाळी मी वसीमच्या दुकानात गेलो. निमित्त म्हणून मोबाइल नेला. त्यानं तो उघडला आणि आतला धूळकचरा झाडू लागला.

"वसीम, तू रोज उशिरा का यायचास?" मी विचारलं.

त्यानं मान वर केली. "सकाळी बेकरीचा पाव टाकतो सायकलवर. पाच ते सव्वासहा. चाळीस घरं हायत. अम्मीच्या गोळ्या त्याच्यावर चालतेत."

"मग सांगायचं नाहीस का?"

"तुमी इचारलंच नाई बाबू." तो रागानं बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. "सहा मॅनेजर आले. कोनी म्हने पळा, कोनी म्हने वाका, कोनी म्हने पास द्या. तुमी आले, लेट मार्क देल्ले. कोनी कधी म्हनलं का, वसीम, तुले काय वाट्टे?"

एकोणतीस वर्षांत आठ साहेब आले आणि गेले. प्रत्येकानं मला सांगितलं, काळबांडे हे करा, काळबांडे ते करा. कालवा कुठे फुटतो ते मला दर वर्षी आधी ठाऊक असे. एकानंही विचारलं नाही. आणि मी खुर्ची मिळाल्याबरोबर काय केलं, तर हजेरीपट काढला.

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे वाक्य मी ऑफिसात टाइप पुष्कळदा केलंय, बोललो त्या दिवशी पहिल्यांदा. "उद्या ये. सरावाची वेळ साडेसहा. आणि उद्यापासून तुम्ही सांगायचं, मी लिहायचं."

दुसऱ्या दिवशी मी हजेरीपट घरी ठेवला आणि इतिवृत्ताचं कोरं रजिस्टर नेलं. नियम दोनच. जो बोलेल त्याचं नाव लिहिलं जाईल आणि सगळ्यांच्या सह्या होतील. आणि ज्याच्याबद्दल ठराव असेल त्यानं चर्चेपुरतं बाजूला जाऊन बसायचं, म्हणजे संकोच होत नाही.

पहिल्या दिवशी अशी आरडाओरड झाली की सोयाबीनवाले भांडण सोडवायला आले. पण कागदाची एक गंमत असते. नुसतं बोललेलं वाऱ्यावर जातं, सही केलेलं माणसाच्या मागे लागतं. पवनला कडुनिंबाखाली बसवून त्याच्यावर अर्धा तास चर्चा झाली, आणि ठराव क्रमांक सात मंजूर झाला : 'पवन यांनी चेंडू तीन पावलांपेक्षा जास्त स्वतःकडे ठेवू नये. सूचक : वसीम.' पवनला बोलावून वाचून दाखवलं. त्यानं रजिस्टर आपल्याकडे ओढलं. "अनुमोदक म्हनून माह्यं नाव टाका," तो म्हणाला. "मले बी मालूम हाय ना बाप्पा. पन कोनी असं बसून सांगतलं नाई. खेकसतच होते सारे."

नव्वदावा दिवस पार पडला. शाल उपसमितीची पहिली बैठक अजून व्हायची होती.

चोवीस जानेवारीला आम्ही वाशिमला पोचलो, एकच बिल्ला लावून. किसनसिंगांनी माझा आदेश, अटी, तारीख सगळं भिंगातून तपासलं आणि मिशीतल्या मिशीत म्हणाले, "कारंज्याचा एकच मॅनेजर? सूर्य कुठून निंगाला आज?"

उपांत्य सामना अनसिंगशी. त्याच अनसिंगशी. आम्ही मध्यरेषेच्या पुढेही गेलो, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. शेवटची तीन मिनिटं, एक-एक अशी बरोबरी, आणि चेंडू पवनच्या पायात. एक पाऊल, दोन, तीन, चार. मैदानाबाहेरून मुनाफभाई, गोविंदसिंग, जानराव, आमचे बदली खेळाडू, सगळे एका आवाजात ओरडले, "ठराव सात!" पवन दचकला. सही आठवली असावी. त्यानं चेंडू सोडला, तो वसीमच्या पायाशी गेला, आणि वसीमला पुढचं सांगावं लागत नाही.

गोल झाल्यावर मुनाफभाई आणि गोविंदसिंग एकमेकांना मिठी मारून रडत होते. "म्हनलो होतो ना!" असं दोघंही म्हणत होते.

अंतिम सामना आम्ही दोन-एकनं हरलो. वाशिमची टीम खरंच चांगली होती. पण उपविजेता हा शब्द आमच्या क्लबबद्दल पहिल्यांदाच माइकवर उच्चारला गेला, आणि मग दोन्ही मॅनेजरांचा सत्कार पुकारला. किसनसिंगांनी थप्पीतली वरची शाल उचलली, माझ्यासमोर येऊन उलगडली आणि खांद्यावर घातली.

फवारणीच्या औषधाचा वास आला. मी अंगठ्यानं कोपरा चाचपला. हरभऱ्याएवढं भोक.

टाळ्या वाजत होत्या. फक्त कारंज्याची माणसं तोंड उघडं ठेवून उभी होती. सगळ्यांनी ओळखली. आणि आमच्याकडे ही शाल अंगावर पडणं म्हणजे एक तर आलात, नाही तर गेलात. आलो तर मी आधीच होतो. फोटो निघाला आणि जानरावांचा हात, बिचाऱ्यांना वाईट वाटून का होईना, सवयीनं पुढे आला.

"थांबा अध्यक्ष," वसीम म्हणाला. "याच्यावर ठराव घ्या लागते."

संध्याकाळच्या बसनं निघालो. पोरांनी मागच्या सीटा धरल्या, रजिस्टर उघडलं. मी सवयीनं पेन काढून जवळ गेलो तर वसीमनं हात आडवा केला. "तुमी समोर बसा बाबू. ज्याच्याबद्दल ठराव, तो बाजूले. तुमचाच नियम हाय."

मी ड्रायव्हरमागच्या सीटवर गोविंदसिंगांशेजारी जाऊन बसलो. वाशिम ते कारंजा किती लांब आहे ते त्या दिवशी समजलं. मागून आवाज येत. "पन अनसिंगले चार गोल खाल्ले ते?" "ते लेट मार्क?" "शिट्टी!" मग हशा. मग कुजबुज. मंगरूळपीर आलं, गेलं. मला शाल घट्ट ओढून घ्यावीशी वाटे, आणि ती आपली आहे की नाही ते ठाऊक नसल्यानं ओढवतही नसे. या वयात माणसाला इतकी भीती वाटू नये. पण मला ते पद हवं होतं. खुर्ची नव्हे, ती सकाळची साडेसहाची आरडाओरड हवी होती.

"घाबरू नका," गोविंदसिंग हळूच म्हणाले. "गाडी एकच जन चालवते, हे मी आजबी म्हनतो. पन मागून आवाज आला का गाडी हलकी वाट्टे. रिकामी गाडी लय खडखडते."

कारंजा दिसू लागलं तेव्हा वसीम पुढे आला. दांड्याला धरून, हलत हलत त्यानं वाचलं : "ठराव क्रमांक तेवीस. आज बाबूंना घातलेली शाल नेमणुकीची नाही, निरोपाचीही नाही. ती खरी आहे. ती त्यांच्या घरीच राहील. क्लबनं पुढच्या कामासाठी दुसरी पाहावी, पण घाई करू नये. सूचक : वसीम. अनुमोदक : सर्व."

"सही करतो," मी म्हटलं.

"तुमची सही नाई लागत," तो म्हणाला. "झाल्या साऱ्यायच्या."

मागच्या सीटवरून जानरावांनी हात वर करून आपलीही असल्याचं दाखवलं.

घरी पोचलो तेव्हा ज्योत्स्ना दारातच होती. तिनं शाल पाहिली, कोपरा हातात घेतला, भोकात बोट घातलं आणि माझ्याकडे बघून इतकी हसली की गोमतीबाई भिंतीवरून डोकावल्या. मग तिनं घडी घातली आणि शाल आहेराच्या थप्पीत न ठेवता आपल्या लग्नातल्या शालूवर ठेवली.

"भोक रफू करून आनू का उद्या?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हटलं. "राहू दे. पावतीवर आहे ते."